सिलॅबसमधला शब्द

आठवीत इंग्रजीच्या तासाला मी उभा राहून विचारलं होतं, "सर, हे सिलॅबसमध्ये आहे का?" सर रागावले नाहीत. "सिलॅबस हा शब्द आला कुठून ते आधी बघून ये," एवढंच म्हणाले. मधल्या सुट्टीत ग्रंथालयातला जाडजूड कोश उघडला. लॅटिन, त्याआधी ग्रीक 'सिलाबोस', अर्थ यादी. वहीत उतरवून दाखवलं. सर म्हणाले, "अजून खोल जा."

खोल जाणं कॉलेजात गेल्यावर जमलं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात कळलं, की तो 'सिलाबोस' वाचनातल्या चुकीतून जन्मला आहे! मग सिसेरो या प्राचीन रोममधल्या वक्त्याची आणि लेखकाची पत्रं भाषांतरातून मिळवून वाचली. इसवी सनापूर्वी 56 सालची गोष्ट. हद्दपारीहून परतलेला सिसेरो इटलीच्या किनाऱ्यावरच्या आन्तिउम गावातल्या घरी आपली विस्कटलेली पुस्तकं लावून घेत होता. तिरानिओ नावाचा ग्रीक पंडित ते काम करत होता, आणि ते इतकं सुंदर चाललं होतं, की सिसेरोने मित्राला, अ‍ॅटिकसला, ते बघायला ये म्हणून लिहिलं. सोबत मागणी केली : तुझ्याकडची दोन माणसं चिकटवण्याच्या कामाला पाठव, आणि चिठ्ठ्यांसाठी थोडं चर्मपत्रही. या चिठ्ठ्यांना ग्रीक शब्द होता 'सित्तुबा'. तेव्हा पुस्तकं म्हणजे गुंडाळ्या; गुंडाळी न उलगडता आत कोणता ग्रंथ आहे ते कळावं म्हणून ही चिठ्ठी बाहेर लावायची.

या पत्रांच्या नकला करताना अक्षरं बिघडली. 1470च्या दशकातल्या छापील प्रतींत 'सित्तुबा'च्या जागी 'सिलाबोस' आलं. 'एकत्र घेणे' या अर्थाचं ग्रीक क्रियापद उच्चाराने जवळचं, त्यामुळे विद्वानांनाही ते खरं वाटलं. सतराव्या शतकात शब्द इंग्रजीत शिरला तो विषयांची यादी हा अर्थ घेऊन. चुकीच्या वाचनाला इतकं दीर्घ आयुष्य लाभलेलं मला दुसरीकडे क्वचितच दिसलं आहे.

ते पत्र वाचताना मला आपलं ग्रंथालय दिसत होतं. आठवीच्याच दिवाळीच्या सुट्टीत सरांनी पुस्तकांच्या पाठीवर नंबरांच्या चिठ्ठ्या डकवायला मुलं बोलावली होती. शिपाईमामांनी मैद्याची खळ शिजवून दिली होती. सर एकेक पुस्तक हातात घेऊन त्याच्याविषयी दोन शब्द सांगत आणि मगच आमच्याकडे सरकवत. चार दिवस ते काम चाललं. डकवायला मी आणि माझ्या बाकावरचा मित्र, असे दोघेच होतो.