एक ओमर मान्ना

पहाटेचे साडेपाच. घरात अजून कुणी उठलेलं नाही.

काल सात महिन्यांनी पगार जमा झाला. मेसेज वाचून हायसं वाटलं आणि लगेच मनात हिशेब सुरू झाला. यातले किती बाजूला टाकायचे? पुन्हा तशीच वेळ आली तर किती महिने निघतील? या नादात देवाचे आभार मानायचे राहूनच गेले. अंथरुणाला पाठ टेकल्यावर ते आठवलं आणि जिवाला फार लागलं.

म्हणून आज बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 16वा अध्याय काढून बसले. रानातून चाललेल्या इस्राएल लोकांना देवाने मान्ना नावाचं अन्न दिलं, त्याची ही गोष्ट. दव उडून गेल्यावर रानभर पसरलेलं ते हिमकणांसारखं बारीक काहीतरी, आणि एकमेकांना ‘हे काय?’ विचारणारी माणसं. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण 2 लिटर. जास्त गोळा केलं त्याचं उरलं नाही, कमी गोळा केलं त्याला कमी पडलं नाही. सकाळपर्यंत काही ठेवू नका असं त्यांचा पुढारी मोशे याने बजावलं होतं, तरी काहींनी ठेवलंच. त्यात किडे पडले, घाण सुटली.

त्या लोकांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. उपाशी राहिलेल्या माणसाचा हात भांडं झाकून ठेवायला आपोआप जातो. गेले सात महिने माझाही जात होता.

पण आज नजर अडकली ती पुढच्या ओळींवर. त्याच मान्नातला एक ओमर मोशेचा भाऊ अहरोन याने पात्रात भरून परमेश्वरासमोर ठेवला, रानात काय खाऊ घातलं ते पुढच्या पिढ्यांना दिसावं म्हणून. म्हणजे धास्तीने लपवलेलं एका रात्रीत नासलं, आणि आठवण म्हणून ठेवलेलं पिढ्यान्‌पिढ्यांसाठी राहिलं. मान्ना तोच! कितीदा वाचलाय हा अध्याय, पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून कधी पाहिल्याच नव्हत्या.

मग माझी वही काढली. मागच्या पानावर पेन्सिलीने केलेली बेरीज-वजाबाकी आहे, इतक्या वेळा खोडलेली की कागद झिरझिरीत झालाय. पुढच्या पानांवर त्या-त्या दिवशी जे मिळालं ते लिहिलेलं. ‘मुलीची फी भरायला मुदत मिळाली.’ ‘ताईने न मागता पैसे पाठवले.’ ‘आज काही नाही, पण जेवलो सगळे.’ हे शेवटचं वाक्य तीनदा आलंय. मागच्या पानावरचा हिशेब एकदाही जुळला नाही, आणि आम्ही एकदाही उपाशी झोपलो नाही.

रानातला प्रवास संपल्यावर गिलगाल या ठिकाणी लोकांनी कनान देशाचं धान्य खाल्लं आणि दुसऱ्याच दिवशी मान्ना बंद झाला, असं यहोशवाच्या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात आहे. 40 वर्षं, शब्बाथाचा म्हणजे विसाव्याचा दिवस सोडून, रोज पडणारा मान्ना! त्या सकाळी कुणी सवयीने बाहेर जाऊन जमिनीकडे पाहिलं असेल का? शेतातलं कणीसही त्याच हातून येतं, हे ओळखणं मला जास्त अवघड वाटतं. पोट भरल्यावर ‘हे माझ्याच हातांच्या बळाने मिळालं’ असं म्हणू नका, हे बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 8व्या अध्यायात उगाच बजावलेलं नाही. काल रात्री मी तोंडाने तसं म्हटलं नाही, पण वागले तशीच.

आजची तारीख घालून लिहिलं: ‘पगार झाला. प्रभू, तूच दिलास.’

मागचं पान फाडावंसं वाटलं होतं. नाही फाडलं. वही बायबलशेजारी, मुलीचा हात पोचेल अशा फळीवर ठेवली आहे.