मीनास्याचा विरलेला ग्रह

वांगणीच्या माळावर आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेणं हे माझं काम. नोव्हेंबरातल्या त्या रात्री सातवी-आठवीची मुलं आली होती. शनीची कडी बघून झाली आणि मी लेझरने दक्षिणेकडचा मीनास्य दाखवला, म्हणजे फोमलहॉट. त्या भागात दुसरा ठळक तारा नाही, त्यामुळे चटकन सापडतो.

"ताई, याच्या ग्रहाचा फोटो आहे माझ्याकडे," एक मुलगी म्हणाली. वहीत कात्रण चिकटवलेलं: ताऱ्याभोवतीचं धुळीचं कडं आणि छोट्या चौकटीत एक ठिपका. लाल टॉर्चच्या उजेडात तिने त्यावर बोट ठेवलं.

ते चित्र मला पाठ आहे. हबल दुर्बिणीच्या 2004 आणि 2006 मधल्या प्रतिमांत तो ठिपका सरकलेला दिसला. 2008 मध्ये ग्रह म्हणून जाहीर झाला, 2015 मध्ये 'डेगॉन' असं नावही मिळालं. पण तो फिकट होत, पसरत गेला आणि 2014 च्या प्रतिमांत दिसेनासाच झाला. ग्रह असा विरत नाही. 2020 मध्ये संशोधकांनी मांडलं, की दोन मोठे बर्फाळ गोळे एकमेकांवर आदळले असावेत. दिसत होता तो उडालेल्या बारीक धुळीचा ढग.

हे ऐकून तिचा चेहरा पडला. अशा वेळी मुलांना कृत्तिकांकडे वळवून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. विज्ञानाने मागे घेतलेली गोष्टसुद्धा मुलांना पूर्ण कळायला हवी. मी तिथेच बसले.

"मग परत टक्कर झाली तर परत ठिपका दिसेल?" तिने विचारलं.

काय नेमका प्रश्न! 2023 च्या हबल प्रतिमेत अगदी तसंच घडलंय: त्याच कड्याजवळ नवा ठिपका उगवलाय आणि तोही टकरीचाच ढग मानला जातो. पंचवीस प्रकाशवर्षांवरची टक्कर आपल्या हयातीत दोनदा दिसावी! तिने कात्रणाखाली '2023' लिहून घेतलं.

रात्री उशिरा पूर्वेला पुनर्वसू वर आलं तेव्हा ती पुन्हा आली. त्यातल्या पोलक्सला ग्रह असल्याचं 2006 मध्ये दोन गटांनी जाहीर केलं होतं. ग्रहाच्या ओढीने होणारं ताऱ्याचं साधारण 590 दिवसांचं डोलणं मोजून.

"हा तरी नक्की आहे ना?"

बहुतेक आहे, मी म्हणाले. पण पोलक्सच्या चुंबकीय क्षेत्रातला बदलही जवळपास तेवढ्याच कालावधीचा निघालाय, म्हणून ते डोलणं ग्रहामुळेच आहे की ताऱ्यातल्याच बदलांमुळे, याची अजून तपासणी चालू आहे. तिने पोलक्सपुढे प्रश्नचिन्ह काढलं.