कान्हेरीचा काळा डोंगर, पांढरे रान

मुंबईतील कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांचे नाव ‘कृष्णगिरी’, म्हणजे काळा डोंगर, यावरून आले आहे. इन्फ्रारेड छायाचित्रणासाठी मी हे ठिकाण निवडले ते या नावामुळेच. कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या प्रकाशात हिरवी पाने कापसासारखी पांढरी उमटतात आणि बेसॉल्टचा कातळ मात्र गडद राहतो. ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरून आकाश निवळले होते आणि रान अजून हिरवे होते, तेव्हा मी भाच्याला घेऊन तिकडे गेलो. फेब्रुवारीपर्यंत थांबल्यास साग पाने गाळतो आणि या प्रयोगाचा अर्धा आधारच जातो.

बोरिवली स्थानकाच्या पूर्वेकडून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार चालत गाठता येते. तेथून लेणी सुमारे ६ किलोमीटर आत आहेत. सोमवारी उद्यान बंद असते. संरक्षित स्मारकात ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते. ती आमच्याकडे नसल्याने मी जाड कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ भरून तिचे तोंड शिवून नेले आणि कातळावर ती ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला. माकडे फार आहेत, त्यामुळे पिशवीवरचा हात काढू नये.

नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच असते. म्हणून दृश्य प्रकाश अडवून इन्फ्रारेड आत सोडणारा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर लावल्यावर भर उन्हातही आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ४०० आणि अॅपर्चर (लेन्समधील प्रकाशाचे छिद्र) एफ/८ ठेवून मला १५ ते २० सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे लागले, म्हणजे तेवढा वेळ सेन्सरवर प्रकाश पडू द्यावा लागला. फिल्टरमधून डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. चौकट ठरवून, फोकस करून आणि ऑटोफोकस बंद करूनच तो चढवावा. अॅपर्चर याहून लहान केल्यास काही लेन्समध्ये चित्राच्या मधोमध फिकट डाग येतो. आपल्या लेन्सची ही परीक्षा घरीच घ्यावी, कारण डोंगरावर छोट्या पडद्यावर तो डाग नजरेतून सुटतो.

एरवी आपण टाळतो ते अकरा ते एकचे कडक ऊन येथे सर्वांत उपयोगी पडते. तिसऱ्या लेण्याच्या सावलीत मी बराच वेळ व्यर्थ घालवला. तेथील बुद्धमूर्ती भव्य आहेत, पण इन्फ्रारेडला तेथे प्रकाशच पुरत नाही. खरे चित्र मिळाले ते वरच्या पोढ्यांपाशी. कातळात खोदलेल्या या टाक्यांतले पाणी इन्फ्रारेड शोषून घेते, म्हणून ते शाईसारखे काळे आले, आणि काठावरचे गवत पांढरे झाले.

रंगीत प्रयोगासाठी व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, हिरव्या पानांवर घ्यावा, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) ठेवावी आणि संगणकावर चित्रातील लाल व निळ्या रंगांच्या वाहिन्यांची अदलाबदल करावी. तांबूस आकाश निळे होते. भाच्याला तेच आवडले. माथ्यावरून दिसणाऱ्या रानाला तो रंग शोभतो हे मलाही मान्य आहे, परंतु जेथे चौकटीत कातळ अधिक आहे तेथे त्या निळाईने दगडाचा पोत हरवतो, म्हणून पोढ्यांची सर्व छायाचित्रे मी कृष्णधवलच ठेवली. वाऱ्याने हललेली पाने त्यांत धुरासारखी दिसतात. ती मी तशीच राहू दिली.

दोननंतर हवा दमट झाली आणि दूरची उपनगरे पुसट झाली. इन्फ्रारेड विरळ धुरकटपणा भेदतो, पण बाष्पाच्या थेंबांपुढे त्याचा फारसा इलाज चालत नाही. त्यामुळे माथ्यावरची दूरची दृश्ये आधी उरकून मग पोढ्यांकडे उतरावे.