आईच्या लादीसाठी वाफ

मागच्या दिवाळीआधी आईचा उजवा गुडघा बदलला. घरी सोडताना डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या: मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, ओल्या लादीवर चालायचं नाही. आईची सकाळ या तिन्ही गोष्टींनीच सुरू व्हायची. नेरूळच्या या सिडकोच्या घरात आम्ही 1991 साली आलो, तेव्हापासून लादी तिनेच पुसली आहे. भांड्यांना मावशी आल्या, कपड्यांना मशीन आलं, पण बादली आणि फडकं तिने कुणाच्या हाती दिलं नाही.

पहिले दोन महिने मी पुसलं. एकदा सेकंड शिफ्ट बदलून अचानक लवकर घरी आलो, तर आई एका हाताने वॉकर धरून, कंबरेतून वाकून दिवाणाखाली फडकं फिरवत होती. मी काही बोललो नाही. त्या रात्रीच स्टीम मॉप, म्हणजे उभ्याने वाफेवर लादी पुसायचं यंत्र, बघायला बसलो.

वाफ हा माझा रोजचा विषय आहे. तुर्भ्याच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं बॉयलर सांभाळतो. त्यामुळे जाहिरातीतले आकडे वाचले की हात आपोआप कागदाकडे जातो. पाणी शंभर अंशांवर आलं तरी त्याची वाफ व्हायला किलोमागे साधारण 540 किलोकॅलरी उष्णता लागते. आमच्या धंद्यात हा आकडा प्रत्येकाला पाठ असतो. नळाचं पाणी तीस अंशांवरून शंभरावर न्यायला आणखी 70. म्हणजे एकूण 610. या हिशेबाने 1300 वॉटचा मॉप मिनिटाला जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ सलग देऊ शकतो, 1500 वॉटचा 35. एका खोक्यावर याच्या जवळजवळ दुप्पट आकडा छापलेला होता. सुरुवातीला एखादा झोत तसा येईलही, पण सलग नाही. तो मॉप मी यादीतून काढला. 350 मिलीची टाकी या वेगाने अकरा-बारा मिनिटं पुरते. आमचा हॉल आणि स्वयंपाकघर तेवढ्यात होतं, म्हणून मोठ्या टाकीच्या मागे लागलो नाही. टाकी मोठी म्हणजे आईच्या मनगटावर वजन जास्त.

मग प्लग. 1500 वॉट म्हणजे 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर. घरातले छोटे पॉइंट सहाचे. 1300 वॉटचा कसाबसा सहाच्या आत बसतो, पण तीस वर्षांच्या जुन्या बोर्डावर रोज पावणेसहा अँपिअर ओढायला माझं मन धजलं नाही. मोठ्या पिनांचे पॉइंट आमच्याकडे फक्त गिझर, फ्रिज आणि एसीला होते. इलेक्ट्रिशियनला बोलावून हॉलमध्ये एक पॉवर पॉइंट काढून घेतला, अर्थिंग तपासलं आणि मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. मॉप घेतला नसता तरी हे करायलाच हवं होतं. पाणी, वीज आणि सत्तरी ओलांडलेलं माणूस एकत्र आहे, तिथे मी तडजोड करत नाही. एक्स्टेन्शन बॉक्सवर तर हे यंत्र चुकूनही लावू नका.

आता पाणी. याबद्दल दुकानात कुणी शब्द काढत नाही आणि मॉप मरतात ते बहुतेक याच्यामुळेच. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात. कारखान्यात आम्ही पाणी आधी सॉफ्टनरमधून घेतो आणि ठरावीक वेळाने ब्लोडाउन करून साचलेलं बाहेर सोडतो. मॉपला ब्लोडाउन नसतं. आत जाणारे बरेचसे क्षार आतच बसतात, हीटरच्या बारीक नळीत. नवी मुंबई महापालिकेचं पाणी मोरबे धरणाचं, पावसाचं साठलेलं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा कामावरचा टीडीएस मीटर घरी आणून नळाखाली धरला तेव्हा 70 च्या आसपास आकडा आला, म्हणजे लिटरमागे 70 मिलिग्रॅम. धाकटी बहीण ठाण्याला घोडबंदर रोडवर राहते. उन्हाळ्यात तिच्या सोसायटीत टँकर येतात, ते बोअरचं पाणी. तिथे मीटर 600 वर गेला. रोज एक टाकी धरली तर माझ्या मॉपमध्ये वर्षाला नऊ-दहा ग्रॅम क्षार जातील, तिच्यात पाऊणशे. टीडीएसमध्ये मोजलेलं सगळंच काही दगड होऊन बसत नाही, पण फरक किती आहे ते यावरून कळतं. तिला मी सांगितलं, मॉप घेतलास तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटरच वापर. आणि टाकीत फिनेल, डेटॉल, अत्तर काही म्हणजे काही घालायचं नाही. ते तापून नाकातोंडात जातं.

दुकानात आईला सोबत नेलं, वाशीला. हा निर्णय सगळ्यात बरोबर ठरला. मी वॉट आणि लिटर बघत होतो, तिने मॉप हातात घेऊन चालवून बघितले. पहिला तिने लगेच परत दिला. "याचं मुंडकं जड आहे रे, ढकलताना खांदा भरतो." दुसऱ्याला वाफ सोडायला खटका सतत दाबून धरावा लागत होता. तिच्या बोटांना संधिवात आहे, तोही गेला. तिसऱ्याला बटण एकदा सरकवलं की वाफ चालू राहते. तो तिने दुकानभर फिरवला. मग विक्रेत्याला विचारलं, "मधेच पाणी संपलं तर झाकण उघडायचं कसं? कुकरसारखं थांबायचं का?"

प्रश्न अगदी नेमका होता. दाबाखाली पाणी उकळणारी काही यंत्रं खरंच कुकरसारखी असतात. थंड होईपर्यंत झाकण काढायचं नसतं. आम्ही घेतलेल्यात टाकीतलं पाणी गारच राहतं, छोटा पंप ते थोडं थोडं हीटरकडे पाठवतो. प्लग काढायचा, टाकी भरायची, पुढे चालू. आईसाठी हाच प्रकार हवा होता. विक्रेता जंतू मरण्याबद्दल बरंच बोलला. आमच्या कारखान्यात ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या बंद पेटीत, निर्जंतुक करायला 121 अंशांची वाफ पंधरा मिनिटं द्यावी लागते. गार लादीवरून सरकन जाणाऱ्या वाफेकडून तेवढी अपेक्षा मी ठेवत नाही. गॅसजवळचा तेलकट थर निघाला आणि पाणी साचलं नाही की माझं समाधान झालं.

घरी आणल्यावर लाद्यांची वाटणी केली. हॉल आणि स्वयंपाकघरात व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, त्या पाणी जवळपास शोषत नाहीत, तिथे बिनधास्त वाफ. आतल्या खोलीत सिडकोच्या वेळची मोझॅक आहे, सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे. पॉलिश उतरलेलं, त्यामुळे ती पाणी पिते. तिथे कपाटामागे एका कोपऱ्यात आठवडाभर करून बघितलं, रंग फिका पडायला लागला, थांबवलं. ओट्यावरचा कडाप्पा, बाहेरच्या पायरीचा कोटा आणि देवघरातला संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड. तिथे ओलं पिळलेलं फडकंच. मॉप साफ करायला कधी सायट्रिक अॅसिड वापरलंत, तर त्याचा थेंबही या दगडांवर पडू देऊ नका, डाग कायमचा राहतो. लाकडी किंवा लॅमिनेटची जमीन असेल तर वाफ नकोच, सांध्यांतून पाणी शिरून फळ्या फुगतात.

वापरताना काही गोष्टी कळल्या. आधी केर काढावाच लागतो, नाहीतर केसांची आणि धुळीची ओली वळकटी पॅडला चिकटून फिरते. पॅड दोन लागतात, कारण स्वयंपाकघर पुसलेलं पॅड हॉलमध्ये नेलं की लादीवर मळकट रेघा उमटतात. पॅड धुताना फॅब्रिक कंडिशनर घालायचा नाही, मायक्रोफायबर पाणी ओढेनासा होतो. दिवाणाखाली मॉप अगदी आडवा केला की पंपाला पाणी मिळत नाही, वाफ बंद पडते. तिथलं रविवारी मीच काढतो. हळदीचा डाग वाफेने जात नाही. वाळलेल्या दुधाचा मात्र दहा सेकंद मॉप तिथेच धरला की सुटून येतो.

जुलैत खरी परीक्षा झाली. पावसाळ्यात आमच्याकडे लादी दुपारपर्यंत ओलसर राहायची, घरभर कुबट वास. आता पंखा लावला की दोन-तीन मिनिटांत कोरडी होते. सोसायटीच्या ग्रुपवर एक-दोघांनी विचारलं म्हणून हे सगळं लिहिलं.

आई सकाळी चहा झाला की प्लग लावते, उभ्याने हॉल पुसते, आणि पाणी तापेपर्यंतचं अर्धं मिनिट खिडकीतल्या तुळशीला पाणी घालते. देवघरासाठी मी तिला उंच स्टूल आणून दिलं आहे. त्यावर बसून तो हातभर संगमरवर ती अजूनही जुन्या फडक्यानेच पुसते.