थांबावे की दाखवावे?

फोंडा तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी ३३ वर्षे शिकवले. निवृत्त झाले तरी गावातल्या तरुण आया मला अजून बाईच म्हणतात, आणि देवळात, बाजारात, कधी फोनवर एकच प्रश्न विचारतात : “बाई, बाळ दोन वर्षांचं होत आलं, अजून बोलत नाही. घरचे म्हणतात थांब. थांबू, की कुणाला दाखवू?” माझ्या नातवाला ऑटिझम आहे, म्हणजे माणसांशी संवाद साधण्याची आणि वागण्याची त्याची तऱ्हा लहानपणापासूनच वेगळी आहे, हे त्यांना ठाऊक असते. आमच्या घरात ‘थांब’ म्हणणारी मीच होते, हे ठाऊक नसते. तुम्ही विचारलेत म्हणून सगळेच सांगते.

दाखवा, आणि याच महिन्यात दाखवा.

नातू २० महिन्यांचा असताना सून मला म्हणाली, “आई, हाक मारली तर हा बघतच नाही हो.” मी तिला सांगितले की त्याचा बाबासुद्धा तीन वर्षांपर्यंत धड बोलला नव्हता. तापासाठी ज्या डॉक्टरांकडे त्याला नेले होते, त्यांनीही मुलगे उशिराच बोलतात असे सांगून विषय संपवला, आणि माझ्या शब्दाला बळ मिळाले. त्यानंतर आम्ही आठ महिने थांबलो. घरात माझा शब्द मोडायची पद्धत नव्हती, म्हणून ते आठ महिने माझ्या खात्यावर आहेत.

मला दिसले नव्हते असे नाही. त्याच वर्षीच्या चवथीला माझी लेक आपल्या १४ महिन्यांच्या मुलीला घेऊन आली होती. गणपतीवर माटोळी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधलेली होती. नारळ, सुपारीचे घोस, चिबूड असे सगळे लटकत होते. माझ्या मांडीवर बसलेल्या नातीने चिबडाकडे बोट केले, मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिले, पुन्हा चिबडाकडे पाहिले. तिला तो चिबूड नको होता. मी तो पाहावा एवढेच तिला हवे होते. थोड्या वेळाने नातू आला, त्याने माझे मनगट धरले, मला फडताळापर्यंत ओढत नेले आणि माझा हात बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर ठेवला. माझ्या चेहऱ्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही; जणू हात तेवढा माझा होता आणि मी तिथे नव्हते. संध्याकाळी आरतीला घुमट वाजू लागले तसा तो कान दाबून आतल्या खोलीत पळाला, आणि आम्ही सगळे म्हणालो, “लाजतो.”

आज मला कोणी फक्त एकच खूण विचारली, तर मी त्या बोटाबद्दल सांगेन. मूल दोन कारणांसाठी बोट दाखवते. एक, हवे ते मागण्यासाठी. आणि दुसरे, आपण पाहिले ते दुसऱ्यानेही पाहावे म्हणून. हे दुसरे बोट साधारण दीड वर्षापर्यंत दिसायला हवे. त्याआधी, नऊ महिन्यांच्या सुमारास, मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहू लागते, आणि वर्षाच्या आसपास टाटा करणे, हात पुढे करून ‘घे’ म्हणणे असे हातवारे सुरू होतात. यातली एखादी गोष्ट मागे राहिली म्हणजे ऑटिझमच असे नव्हे. मात्र दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील, आणि त्यांच्या जोडीला गाडी न चालवता तिचे चाकच फिरवत बसणे, वस्तूंच्या रांगा लावणे, हात फडफडवणे, एकाच तऱ्हेच्या खाण्याचा हट्ट, ठरावीक आवाज अजिबात सहन न होणे असे काही असेल, तर तपासणी हवीच. आणि येत असलेले शब्द किंवा हसणे-खेळणे कोणत्याही वयात गळून पडू लागले, तर एक दिवसही थांबू नये.

आयांचे सगळे लक्ष शब्दांवर असते, म्हणून हेही सांगते. आमचा नातू दोन वर्षांचा असताना १ ते ५० आकडे म्हणायचा आणि दूरदर्शनवरची जाहिरात चालीसकट गायचा. पण तहान लागली तर ‘पाणी’ म्हणायचा नाही. शब्द होते, पण ते कोणाला उद्देशून नव्हते. मुलींच्या बाबतीत हे आणखी उशिरा ध्यानात येते, कारण गप्प मुलीला आपल्याकडे गुणी म्हणतात. मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. तो शब्द मला पटत नाही. आमचा नातू रोज दुपारी माझ्या पाठीला पाठ लावून बसतो, आणि मी उठले की लगेच उठतो. त्याला माणसे हवी असतात; त्यांच्यापर्यंत जायची वाट त्याची वेगळी आहे.

थांबायला कारणे पुष्कळ मिळतात. आपल्या गोव्यात पहिले कारण भाषांचे : घरात कोंकणी, पुस्तकात मराठी, कार्टून इंग्रजीत, म्हणून पोर गोंधळले. अनेक भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही आणि त्याने मूल मुकेही राहत नाही. आपली भाषा सोडून मुलाशी मोडक्या इंग्रजीत बोलू नका. मोबाइल जरूर कमी करा, पण ‘आधी मोबाइल बंद करून बघू’ म्हणत सहा महिने घालवू नका. गोवरच्या लसीमुळे ऑटिझम होतो ही भीती १९९८ साली केवळ १२ मुलांवरच्या एका लेखातून पसरली. तो लेख छापणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० साली तो मागे घेतला, आणि त्यानंतरच्या मोठमोठ्या अभ्यासांत लसीचा व ऑटिझमचा संबंध आढळला नाही. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो आणि ही लक्षणे डोळ्यांत भरू लागतात तीही त्याच सुमारास. त्यामुळे आईबापांच्या मनात दोन्हींची गाठ बसते. ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालायचे असेल तर अवश्य घाला, मीही घातले होते. अपॉइंटमेंट मात्र त्याच दिवशी घ्या. ‘आमच्याकडे असं काही नसतं’ हे तर कोणीच म्हणू नये. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या पाच ठिकाणची २ ते ९ वर्षांची मुले ऑटिझमसारख्या अडचणींसाठी तपासली गेली, आणि त्यांतले एक ठिकाण उत्तर गोवा होते.

सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून करावी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य पथक येते, तिथेही सांगता येते. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, बालरोग विभाग आहे, आणि बांबोळीतच मानसोपचार संस्था आहे. कानांची तपासणी आधी होते. चॉकलेटचा कागद वाजला तर पळत येतो म्हणून कान ठीक आहेत असे आपण घरी ठरवू नये. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी २० प्रश्नांची एक यादी असते. तिच्यातून निदान होत नाही, पुढे सविस्तर तपासायचे की नाही एवढे कळते. निदान करताना तज्ज्ञ मुलाला खेळताना पाहतात आणि घरच्यांना पुष्कळ विचारतात. वाचेचे आणि खेळाचे उपचार निदानाचा कागद येण्याआधीही सुरू करता येतात. तारीख मिळेपर्यंत वहीत रोज दोन ओळी लिहा, आणि मूल जेवताना, खेळताना, हाक मारल्यावर काय करते याचे छोटे व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांच्या खोलीत मूल नेहमीसारखे वागेलच असे नाही.

आणि सुनेला एकटीला पाठवू नका. पहिल्या भेटीला मी बाहेर बाकावर बसून राहिले होते. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी मलाही आत बोलावले. नातू तेव्हा २८ महिन्यांचा होता आणि खोलीतल्या स्टुलाचे चाक फिरवत होता. डॉक्टरांनी यादीतला प्रश्न वाचला : काही गंमत दिसली तर ती तुम्हाला दाखवायला तो बोट करतो का? सून म्हणाली, “नाही.” ‘करतो की’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात मला माटोळीतला चिबूड आठवला, आणि डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले तेव्हा मीही नाही म्हणाले.