अ‍ॅजिलिटी ट्रायलची एन्ट्री: टपालाने की ऑनलाइन?

अमेरिकेत कुत्र्याला अ‍ॅजिलिटी शिकवणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. बोगदा जमला, वीव्ह पोल (नागमोडी पळत पार करायचे खांब) जमले, की पहिल्या ट्रायलचे, म्हणजे स्पर्धेचे, वेध लागतात आणि मग प्रश्न येतो एन्ट्रीचा. इथलं सगळं अमेरिकन केनेल क्लबच्या, म्हणजे एकेसीच्या ट्रायल्सबद्दल आहे.

सगळ्यात आधी क्लबचं प्रीमियम उघडा. विम्याच्या हप्त्याशी याचा संबंध नाही. प्रीमियम म्हणजे त्या ट्रायलची माहितीपुस्तिका: जागा, जज, क्लास (स्पर्धेतले स्तर आणि प्रकार), फी, एन्ट्री कधी उघडते आणि कधी बंद होते. एन्ट्री कशी स्वीकारतात हेही तिथेच असतं. काही क्लब दोन्ही मार्ग ठेवतात, काही एकच. मग जागा कशा वाटल्या जाणार ते शोधा: ‘फर्स्ट रिसीव्ड’ की ‘रँडम ड्रॉ’. टपाल की ऑनलाइन याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

फर्स्ट रिसीव्ड म्हणजे आधी पोचेल त्याला जागा. लोकप्रिय ट्रायलला असं असेल आणि ऑनलाइनची सोय असेल, तर टपालाचा विचारच करू नका. रँडम ड्रॉमध्ये मात्र एन्ट्री उघडल्यापासून ड्रॉच्या तारखेपर्यंत आलेल्या सगळ्या एन्ट्र्या सारख्याच धरतात आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखा क्रम लागतो. पहिल्या मिनिटाला आलेल्याला आणि आठवडाभराने आलेल्याला समान संधी. तिथे टपालाने काही बिघडत नाही, फक्त पाकीट वेळेत पोचलं पाहिजे.

‘वेळेत’ म्हणजे ट्रायलच्या सेक्रेटरीच्या, म्हणजे एन्ट्र्या स्वीकारणाऱ्या व्यक्तीच्या, हातात. पाकिटावर कुठल्या तारखेचा शिक्का आहे याला किंमत नाही. फर्स्ट क्लास टपालाला १ ते ५ दिवस लागतात, मधे सोमवारची सुट्टी आली की आणखी एक. म्हणून ड्रॉच्या (ड्रॉ नसेल तर एन्ट्री बंद होण्याच्या) तारखेआधी निदान आठ-दहा दिवस तरी टाका. उशीर झाला म्हणून कुरिअर करायचं असेल तर दोन गोष्टी बघा. पत्ता पोस्ट बॉक्सचा असेल तर खासगी कुरिअर तिथे पोचवत नाही. आणि पाठवताना ‘सही नको’ हा पर्याय निवडा. सेक्रेटरी बहुतेक वेळा नोकरी सांभाळून हे काम करणारी व्यक्ती असते. ती घरी नसली की सही मागणारं पाकीट परत जातं, आणि अशी पाकिटं घेणार नाही असं बरेच क्लब आधीच छापतात.

पाकिटात काय हवं? भरलेला फॉर्म, मागच्या बाजूच्या करारासकट. दोन पानांवर छापला असेल तर दोन्ही पानं. पेनाने केलेली सही, आणि पूर्ण रकमेचा चेक. सही राहिली तर एन्ट्री बाद. चेकवर आकड्यात एक आणि अक्षरात दुसरीच रक्कम पडली, तर बँक अक्षरातली धरते. साधा कागद असेल तर चार पानं आणि लांबट दहा नंबरचं पाकीट मिळून वजन जेमतेम एक औंसाच्या आत बसतं. पाचवं पान घातलं की जास्तीचं तिकीट लावा, नाहीतर पाकीट अडकतं.

आता आपल्या लोकांकडून हमखास होणारी चूक. आपण तारीख दिवस-महिना अशी लिहितो, इथे महिना आधी. ५ मार्चला चेकवर ०५/०३ लिहिलंत की तो ३ मेचा, म्हणजे पुढच्या तारखेचा चेक होतो, आणि तसे चेक क्लब घेत नाहीत. जन्मतारखेत हे आणखी महागात पडतं. ट्रायलच्या दिवशी कुत्रा किमान १५ महिन्यांचा हवा. ८ जून २०२४ चा जन्म ०८/०६/२०२४ असा लिहिला, तर नोंद ६ ऑगस्टची होते. २० सप्टेंबर २०२५ च्या ट्रायलला १५ महिने पूर्ण झालेला कुत्रा कागदावर १३ महिन्यांचा ठरतो. महिना अक्षरात लिहा.

नोंदणी क्रमांक प्रमाणपत्रावरून बघूनच उतरवा. शून्य आणि ओ यांत गल्लत होते. ईमेलचा पत्ता सुटं-सुटं अक्षर काढून लिहा, कारण एन्ट्री मिळाल्याची पोच आणि धावण्याचं वेळापत्रक तिथेच येतं.

उडीची उंची हा खरा कळीचा रकाना. खांद्याशी ११ इंचांपर्यंतचा कुत्रा ८ इंचांवर, १४ पर्यंतचा १२ वर, १८ पर्यंतचा १६ वर, २२ पर्यंतचा २० वर आणि त्याहून उंच असेल तर २४ वर. ‘प्रेफर्ड’ या कमी उंचीच्या वेगळ्या विभागात प्रत्येकाला ४ इंच सूट. आपल्या गटाहून जास्त उंची घेतलेली चालते, कमी घेतली तर ती धाव पात्र धरत नाहीत. पिल्लू वाढत असताना घरी टेपने मोजलेल्या आकड्यावर विसंबू नका.

ऑनलाइनची गंमत आणि धोका इथेच आहे. माहिती एकदा भरली की पुढच्या प्रत्येक ट्रायलला आपोआप येते, आणि तिच्यातली चूकही तशीच येते. वर्षापूर्वी टाकलेली उंची बदललेली नसते. नॉव्हिसमध्ये, म्हणजे पहिल्या स्तरात, किमान दोन वेगवेगळ्या जजकडून मिळून तीन पात्र धावा झाल्या की टायटल (किताब) मिळतं, पण आधीच केलेल्या पुढच्या तीन ट्रायल्सच्या एन्ट्र्या नॉव्हिसमध्येच पडून असतात. त्या वरच्या स्तरात हलवायला सेक्रेटरीला लेखी कळवावं लागतं, त्याची मुदत प्रीमियममध्ये असते. ‘नॉव्हिस ए’ हा क्लासही ज्यांनी आजवर एकाही कुत्र्याला अ‍ॅजिलिटीचं टायटल मिळवून दिलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. दुसऱ्या कुत्र्याच्या वेळी यादीतून ‘बी’ निवडा.

शेवटचं बटण दाबल्याशिवाय पान सोडू नका. एन्ट्री नुसती साठवली म्हणजे पाठवली असं होत नाही. पोचेचा ईमेल अर्ध्या तासात आला नाही तर आधी स्पॅम बघा, मग सेक्रेटरीला लिहा. ड्रॉ असेल तर कार्डावरचे पैसे नंतरही कापले जाऊ शकतात, तोवर कार्डाची मुदत संपता कामा नये. आणि बंद होण्याची वेळ बहुधा सेक्रेटरीच्या गावची असते. न्यू जर्सीतली एन्ट्री संध्याकाळी ६ ला बंद होत असेल, तर कॅलिफोर्नियात तेव्हा दुपारचे ३ वाजलेले असतात.

कुत्री ट्रायलच्या सुमारास माजावर यायची शक्यता असेल तर पैसे परत मिळण्याचा नियम एन्ट्रीआधीच वाचा. माजावर असलेली मादी धावू शकत नाही. पशुवैद्याचं पत्र लागेल का, कधीपर्यंत कळवायचं आणि किती रक्कम कापणार, हे क्लबागणिक बदलतं.

माझं मत विचाराल तर पहिली एक-दोन ट्रायल्स ड्रॉच्या निवडा आणि एन्ट्री कागदावर करा. प्रत्येक रकाना हाताने भरताना हे काय विचारतायत ते नीट समजतं. तो भरलेला फॉर्म स्कॅन करून ठेवा. मग ऑनलाइन खातं उघडाल तेव्हा तो शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघा.