पंख जोडण्याच्या चार पद्धती: कर्बल स्पेस प्रोग्रॅममधील माझा अनुभव

कर्बल स्पेस प्रोग्रॅम या रॉकेटे आणि विमाने बांधून उडवण्याच्या संगणकीय खेळात विमानाला लांब पंख करायचा, तर तो लहान फळ्या एकीला एक जोडून करावा की ‘फॅट-४५५’सारखा एकसंध पंख लावावा, याविषयी माझे मत रोज बदलत असे. शेवटी तेच धड, तीच दोन व्हीजली इंजिने आणि तेवढेच इंधन ठेवून मी चार विमाने बांधली आणि प्रत्येक विमान ३,००० मीटर उंचीवर पूर्ण जोराने सरळ उडवून त्याचा वेग टिपला.

या खेळातील मूळ पंखांमध्ये लिफ्टचा, म्हणजे विमान वर उचलणाऱ्या जोराचा, आकडा १ असेल, तर वजन ०.१ टन, हे प्रमाण ठरलेले आहे. त्यामुळे पहिल्या विमानाला प्रत्येक बाजूस २ आकड्याच्या चार ‘टाइप ए’ फळ्या लावल्या, तर दुसऱ्याला ७.८ आकड्याचा एकसंध पंख, त्यातील इंधन काढून, बसवला, ०.२ चा फरक मी सोडून दिला. तिसऱ्यात त्याच चार फळ्या एकमेकींत घुसवून आखूड पंख केला आणि चौथ्यात फळ्यांचा लांब पंख धडाशी ५ अंश वर कलता ठेवला.

पहिली फेरी वाया गेली. विमान बांधताना दिसणारा लिफ्टच्या केंद्राचा निळा गोल वस्तुमानकेंद्राच्या पिवळ्या गोलामागे प्रत्येक विमानात सारख्याच अंतरावर हवा, हे मी पाहिलेच नव्हते. त्यामुळे ज्या विमानाची शेपटी नाक वर धरण्यासाठी सतत वळलेली राहत होती, त्याचा दोष मी पंखांवर ढकलत होतो.

गोल जुळवल्यावर पहिल्या तीन विमानांच्या वेगात सांगण्यासारखा फरक उरला नाही. एकमेकींत घुसवलेल्या फळ्याही पूर्ण लिफ्ट देत होत्या, कारण हा खेळ प्रत्येक फळीचा हिशेब स्वतंत्रपणे करतो आणि शेजारी काय आहे ते पाहत नाही. खऱ्या हवेत तेवढ्याच लिफ्टसाठी लांब पंखाला हवेचा रोध कमी होतो, म्हणून ग्लायडरला लांब, निमुळते पंख असतात; हे जाणणाऱ्या माणसाला खेळातला हा प्रकार पटणे कठीण आहे. मला तर ते विमान पाहवतही नव्हते. फळ्यांच्या लांब पंखाची टोके मात्र उड्डाणाच्या वेळी वर वाकत आणि विमान कलवायला उशीर लागे, तो दोष ऑटोस्ट्रट, म्हणजे खेळातले न दिसणारे आधार, लावल्यावर बराच कमी झाला.

खरा फरक कलत्या पंखाने पडला, पण मला हवा होता तसा नाही. वेग वाढल्यावर ५ अंश जास्त ठरले, विमान नाक खाली घालून सरळ रेषेत जाऊ लागले आणि एफ १२ दाबल्यावर दिसणारे ड्रॅगचे, म्हणजे हवेच्या रोधाचे, लाल बाण धडावरच लांबले. मग भाग ठरावीक कोनांतच वळवणारी स्नॅपची सोय बंद करून पंख अंदाजाने २ अंशांवर आणला. धड वाऱ्याच्या दिशेला आले, बाण आखडले आणि ते विमान इतर तिघांच्या पुढे गेले.

लांब पल्ल्याच्या विमानांना आता मी एकसंध पंखच, थोडा कलता, लावतो. त्यात ६०० एकक इंधन मावते आणि टोकेही हलत नाहीत.